दोन रात्री बामणोली, आइस्क्रीम केक आणि ड्राय आइस : कुणी नेलाय का?

रानजाई (सातारा) · ४ मे, रात्री १०:१२

मंडळी, जरा घाईचा प्रश्न आहे. येत्या शनिवारी आम्ही अकरा जण, त्यात चार पोरं, बामणोलीला शिवसागरच्या काठावर तंबूत राहायला चाललोय. दोन रात्री. तंबूवाल्या दादांकडे सोलरचे दिवे आहेत, चूल आहे, फ्रिज नाही. साताऱ्यात दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही असं ऊन आहे आणि यादी बघा: अडीच किलो मटण, चार लिटर दूध, दही, पनीर, तीस अंडी, आमरस. वर रविवारी संध्याकाळी भाचीचा आठवा वाढदिवस. तिला आइस्क्रीम केकच पाहिजे, दुसरा चालणार नाही.

नणंद पुण्याहून येणार आहे. तिचं म्हणणं, साधा बर्फ कशाला, मी ड्राय आइस आणते, आठ-दहा किलो, सगळं त्यातच घालू. मी ड्राय आइस बघितलाय तो फक्त लग्नात, नवरा-नवरी धुरातून चालत येतात तेव्हा. खाण्याच्या वस्तूंना चालतो का? किती लागतो? पाणी होत नाही म्हणतात ते खरं का?

तासगावकर · ४ मे, रात्री १०:५०

मी बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर मशिनरी बघतो, म्हणून बोलतो. चालतो, पण ते 'सगळं त्यातच' तेवढं नणंदबाईंना विसरायला सांगा.

ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. तो असतो उणे ७८.५ अंशांवर. वितळत नाही, सरळ वायू होऊन उडतो, त्यामुळे पाणी नाही हे खरं. पण त्याला वस्तू गार ठेवणं माहीतच नाही, तो गोठवतो. दही शेजारी ठेवलंत तर धोंडा होईल. अंडी तडकतील. काकडी-टोमॅटो आधी दगड आणि सुटले की लिबलिबीत. साधा बर्फ शून्याला वितळतो आणि पूर्ण संपेपर्यंत शून्यालाच राहतो. दूध, दही, पनीर, अंडी यांना हेच पाहिजे. आइस्क्रीमला मात्र उणे १८ च्या आसपास लागतं, तिथं साधा बर्फ हात टेकतो.

म्हणजे बॉक्स दोन करा. एकात साधा बर्फ आणि बाकीचं सगळं. दुसऱ्यात ड्राय आइस आणि फक्त केक. ड्राय आइस वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्यांत गुंडाळून केकच्या वर ठेवायचा, मध्ये पुठ्ठा. गार वायू जड असतो, तो खाली उतरतो. मोकळी जागा कागदाचे बोळे कोंबून भरा. आणि सारखं झाकण उघडून 'आहे का, आहे का' बघू नका.

किती लागतो म्हणाल तर चांगल्या जाड आइसबॉक्समध्ये दिवसाला २ ते साडेचार किलो उडतो. पातळ थर्माकोलमध्ये त्याहून जास्त. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार संध्याकाळ दोन दिवस झाले. आठ किलो धरा. एका केकसाठी! परवडतं का ते घरात ठरवा.

कृष्णाकाठ (सांगली) · ४ मे, रात्री ११:०५

आमच्या गोठ्यावर डॉक्टर गाय भरवायला येतात, त्यांच्या त्या किटलीतनं धूर निघतो, तेच का हे? मग पुण्याला कशाला जायचं लगा, डॉक्टरला चहा पाजायचा.

तासगावकर · ४ मे, रात्री ११:११

नाही भावा. ते द्रवरूप नायट्रोजन, उणे १९६. त्यात वळूच्या वीर्याच्या कांड्या असतात. केक नको त्यात.

सावळागोंधळ · ४ मे, रात्री ११:१४

वासराचा वाढदिवस असेल तर चालेल.

फेटेवाला (कराड) · ५ मे, सकाळी ७:३०

तो लग्नातला धूर करणारा मीच. मशीनमध्ये गरम पाणी, वर जाळीच्या टोपलीत ड्राय आइस. टोपली पाण्यात सोडली की ढग जमिनीलगत पसरतो. दिसतो तो ढग हवेतल्या बाष्पाच्या थेंबांचा. खरा वायू दिसत नाही, हे लक्षात ठेवा. आम्ही धूर सोडताना कार्यालयाची दारं उघडी ठेवतो आणि बारक्या पोरांना स्टेजच्या खाली बसू देत नाही.

उघड्या हाताने धरायचा नाही. भाजल्यासारखा फोड येतो. कातडी किंवा जाड सुती हातमोजे घाला, नाहीतर चिमटा. आणि काही झालं तरी घट्ट झाकणाच्या भांड्यात बंद करायचा नाही. आमच्याकडचं एक पोरगं होतं, नवीन. त्यानं उरलेले चार तुकडे पाण्याच्या बाटलीत टाकले आणि गंमत म्हणून बूच लावलं. आम्ही जेवायला बसलो होतो. मला वाटलं वरातीतला सुतळी बॉम्ब आत आला. बूच मंडपाच्या कापडातून आरपार गेलं, पोराच्या डाव्या हाताला सात टाके. त्याची आई मला अजून रस्त्यात दिसली की तोंड फिरवते, आणि तिचं चुकतंय असं मला वाटत नाही.

तुकडा सरबतात टाकून प्यायचा नाद पण नको. २०२४ च्या मार्चमध्ये गुरुग्रामला एका हॉटेलात जेवण झाल्यावर मुखशुद्धी समजून लोकांनी ड्राय आइस तोंडात टाकला, पाच जण दवाखान्यात गेले.

शून्यपूर्णांक · ५ मे, सकाळी ९:०२

शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे गणित मांडल्याशिवाय राहवत नाही. सगळे हाताला जपायला सांगतायत, माझी काळजी गाडीची आहे.

एक किलो ड्राय आइसचा खोलीच्या तापमानाला साधारण ५५० लिटर वायू होतो. दिवसाला चार किलो उडतो असं धरलं तर पुणे-सातारा दोन तासांत तिसरा हिस्सा किलो, म्हणजे १८० लिटर. मोठ्या गाडीच्या आत हवा असते तीन-साडेतीन हजार लिटर. म्हणजे टक्केवारी जाते पाचावर. अर्थात हे ठार बंद डब्याचं गणित झालं, गाडीला फटी असतात, तेव्हा प्रत्यक्षात कमी. पण साध्या हवेत हा वायू असतो ०.०४ टक्के. कारखान्यात आठ तासांच्या पाळीला मर्यादा अर्धा टक्का धरतात, आणि चार टक्के म्हणजे जिवाला धोका. आपल्याकडे मे महिन्यात काचा बंद, एसी चालू आणि तो आतलीच हवा फिरवणाऱ्या बटणावर. सात सीटच्या गाडीत डिकी वेगळी नसते, मागच्या सीटमागे ठेवलं म्हणजे आतच ठेवलं.

काच चार बोटं खाली ठेवा, एसी बाहेरची हवा घेणाऱ्या बटणावर. डोकं जड झालं, दम लागल्यासारखं वाटलं, नाकात सोडा प्यायल्यावर येते तशी झिणझिणी आली तर गाडी थांबवून दारं उघडा. विमानातसुद्धा प्रवाशाला अडीच किलोच नेऊ देतात, तेही विमान कंपनीला विचारून आणि वायू बाहेर पडेल अशा डब्यात.

रात्री तंबूत बॉक्स घेऊन झोपायचं नाही. हा वायू हवेच्या दीडपट जड, खोलगट जागेत साचतो. काठावर उतार असेलच, तंबूंपेक्षा खालच्या अंगाला ठेवा. १९८६ साली कॅमेरूनमध्ये न्योस तळ्यातून असाच वायू उसळून दरीत उतरला, सतराशेच्या आसपास माणसं झोपेत गेली.

सावळागोंधळ · ५ मे, सकाळी ९:२०

सर, बाई केक कापायला चालल्यात हो.

रानजाई · ५ मे, दुपारी १:४५

शून्यपूर्णांक सर, हसले पण आणि घाबरले पण. नणंदेला धाग्याची लिंक पाठवली आहे. साध्या बर्फाचं काय करू? घरचा फ्रीजर लहान आहे. बर्फाच्या कारखान्यातून लादी आणावी का?

सिस्टर_पाटण · ५ मे, दुपारी ३:१०

लादी आणाल तर ती बाहेरून गार ठेवायलाच, सरबतात फोडून टाकू नका. २०१८ पासून महाराष्ट्रात न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे. निळा दिसला तर समजून जा. पांढरा दिसला तरी लगेच विश्वास टाकू नका.

त्यापेक्षा दोन-दोन लिटरच्या बाटल्या गळ्याखाली चार बोटं रिकाम्या ठेवून भरा आणि आजपासूनच दोन-दोन करून गोठवा. शेजारणीचा फ्रीजर मागा, मे महिन्यात कुणी नाही म्हणत नाही. वितळलं की तेच पाणी प्यायला.

आता माझ्या कामातली एक गोष्ट सांगते. उपकेंद्राहून वाड्यावस्त्यांवर लस न्यायची तर कॅरिअरमध्ये चार आइसपॅक घालतो. फ्रीजरमधून काढून लगेच नाही घालत. बाहेर ओट्यावर मांडून ठेवायचे, अंगावरचं पांढरं जाऊन घाम सुटतो, मग कानाशी धरून हलवायचा. आत पाणी हललं की मग भरायचा. कारण फ्रीजरमधला बर्फ शून्यावर नसतो, उणे पंधरा-वीसवर असतो. पेंटा, टीडी, हिपॅटायटिस-बी या लसी गोठल्या की वाया. तुमच्या दह्या-अंड्यांचं तसंच आहे. बाटलीतला बर्फ 'बोलायला' लागला की मग दह्याशेजारी ठेवा. ज्या बाटल्या कडक असतील त्या तळाला, मटणाच्या बाजूला.

मटण मसाला लावून पिशवीत पसरून चपट गोठवून न्या. तोच तुमचा अर्धा बर्फ. पहिल्या रात्रीच शिजवून टाका. दूध आदल्या रात्री तापवून, पूर्ण निववून भरा. कोमट पातेलं आत घातलं तर सगळा बॉक्स बसतो. आणि पिण्याच्या पाण्याचा बॉक्स वेगळा करा बाई, तो पोरं दिवसात पन्नास वेळा उघडतात.

तासगावकर · ५ मे, दुपारी ३:४०

सिस्टर, ते कानाशी धरायचं एकदम पटलं. आमच्याकडे त्याला चार सेन्सर लागतात.

आबा_कोरेगाव · ५ मे, संध्याकाळी ६:१५

आवो, गार खायचंय तर घरी बसा की. बामणोलीला जाऊन पनीर कशाला? आम्ही वासोट्याला जायचो तवा भाकरी, खर्डा, कांदा आन् सुकट. दोन दिवसांनी भाकरी कडक व्हायची, चुलीवर धरली की झालं काम.

आन् आइस्क्रीमच खायचं आसंल तर पॉट न्या. लाकडी बादली, मधी पितळी भांडं, वर हँडल. दूध आटवून, साखर-वेलदोडा घालून भांड्यात. बर्फ गोणपाटात घालून मोगरीनं फोडायचा, तीन वाटे बर्फ न् एक वाटा खडं मीठ, भांड्याभोवती थरावर थर. पोरास्नी पाळीपाळीनं फिरवाय लावायचं. अर्ध्या तासात हँडल जड व्हतंय, मोठ्या माणसालाच फिरतंय, तवा समजायचं झालं. खारं पाणी तेवढं बुडाच्या भोकातनं काढत ऱ्हायचं, न्हायतर आत शिरलं की सगळं आइस्क्रीम खारट. आमच्यात एकदा झालंय, बारा माणसांनी मुकाट खाल्लं, पावण्याचं पॉट हुतं म्हणून.

शून्यपूर्णांक · ५ मे, संध्याकाळी ६:४०

आबांना अनुमोदन. मिठामुळे बर्फ शून्याच्या खाली वितळतो आणि वितळताना उष्णता भांड्यातून ओढतो. नीट मिसळलं तर उणे २१ पर्यंत उतरतं. म्हणजे ड्राय आइसशिवाय आइस्क्रीमचं तापमान गाठता येतं. फक्त ते तिथं जाऊन करायचं, करून न्यायचं नाही.

रानजाई · ५ मे, रात्री ९:३०

आबा, पॉट नाही हो आमच्याकडे. सासूबाई धागा वाचून म्हणाल्या, "होतं आपल्याकडे, तुझ्या सासऱ्यांनी भंगारात घातलं." तो विषय आता रात्रभर चालणार.

ठरलं असं: ड्राय आइस फक्त केकला. बाकी सिस्टर म्हणतील तसं. आल्यावर सांगते.

रानजाई · १३ मे, रात्री ११:०५

आलो. सगळे धड आहेत. पण सांगण्यासारखं बरंच झालं.

नणंदेने लिंक उघडलीच नव्हती. शुक्रवारी सहा वाजता पुण्यात आठ किलो घेतला, देणाऱ्याने थर्माकोलच्या बॉक्सला चारी बाजूंनी ब्राउन टेप गच्च मारून दिला, 'गार राहील' म्हणून. बॉक्स मागच्या सीटवर दोन पोरांच्या मध्ये, काचा बंद, एसी फुल. शिरवळ गेल्यावर धाकटा म्हणायला लागला, नाकात कसंतरी होतंय. हिला वाटलं चिप्स कोंबले असतील. खंबाटकी चढताना हिचंच डोकं धरलं, नवरा जांभयांवर जांभया देतोय, आणि तेवढ्यात मागे फाट्‌कन आवाज. टायर गेला समजून त्यांनी गाडी बाजूला घेतली. टायर नव्हता, बॉक्सचं झाकण मधोमध तडकलं होतं आणि धाकट्याच्या मांडीवर पांढरा धूर उतरत होता. पोरांना बाहेर काढलं, दारं उघडून वीस मिनिटं वाऱ्यावर बसले, मग बॉक्स वर कॅरिअरला बांधला. घरी आल्यावर म्हणते, "अगं, तुझ्या त्या सरांनी लिहिलंय तसंच झालं." तेव्हा कुठे वाचलं होतं, खंबाटकीत, कडेला बसून.

सर, ती झिणझिणीची ओळ तुम्ही लिहिली होती ना, धाकटा अगदी तेच सांगत होता.

घरी सामानाच्या काट्याला लावलं तर सात किलो भरला. आम्ही जाड आइसबॉक्समध्ये हलवला, झाकण नुसतं टेकवलं, खाली पाणी काढायचं बूच उघडं, आणि वरून सासूबाईंची जुनी गोधडी. सकाळी आठला साडेपाच. म्हणजे रात्रीत दीड किलो गेला, तासगावकरांच्या हिशोबातच.

यवतेश्वर, कास करत निघालो. ड्राय आइसचा बॉक्स दिराच्या गाडीच्या टपावर, गोधडीसकट. कासच्या पुढे करवंदं घ्यायला थांबलो, तर विकणाऱ्या मावशी विचारतात, "पेशंट हाय का वर?"

बामणोलीला पाणी पार आत गेलंय, काठावर भेगाळलेली माती, आणि पलीकडे वासोट्याचा डोंगर. बॉक्स तंबूंच्या खालच्या अंगाला जांभळीच्या सावलीत ठेवला. त्या रात्री वारा असा होता की गॅस साठणं राहू दे, तंबूच उडतोय का काय वाटत होतं.

साध्या बर्फाचा बॉक्स सिस्टरच्या पद्धतीने भरला. नवरा प्रत्येक बाटली कानाशी धरून हलवत होता, सासूबाई म्हणाल्या, "नारळ घेतोयस का?" पण दही शेवटच्या दिवसापर्यंत गोड राहिलं. दुधाला रविवारी सकाळी चहाला काही झालं नाही, दुपारच्या चहाला नेऊन संपवलं. मटण शनिवारी संध्याकाळी काढलं तेव्हा मधे अजून बर्फाचे कण होते, बाहेर तासभर ठेवून चुलीवर चढवलं.

पचका झाला तो अंड्यांचा. धाकट्या दिराने एक ट्रे परस्पर केकच्या बॉक्समध्ये सरकवला, जागा होती म्हणे. रविवारी सकाळी दोघांना ऑम्लेट करायचं म्हणून ट्रे काढला तर सगळ्या अंड्यांना उभी चीर, आणि सोलल्यावर आत पांढरा गोळा. तव्यावर टाकलं तर 'टण्ण' वाजलं. बारा अंडी गेली. बाकीची दुसऱ्या बॉक्समध्ये होती म्हणून निभावलं.

आता केक. रविवारी सहा वाजता गोधडी काढली, एक किलोच्या आसपास तुकडा शिल्लक होता. केक काढला. अंगावर पांढरं तुषार, बोटाने वाजवला तर लाकडासारखा. मेणबत्ती खोचता येईना. आठ मेणबत्त्या शेवटी ताटात भाताच्या मुदीत रोवून केकशेजारी ठेवल्या. सुरी बुडाली नाही, वाकली. भाची हातात सुरी धरून उभी, सगळे 'हॅपी बर्थडे' तीन वेळा म्हणून झालं, केक जागचा हलत नाही. लहान मुलांना जीभ लावायला देऊ नका हे नणंदेने या वेळी स्वतःच ओरडून सांगितलं. पाऊण तास थांबलो. दरम्यान अंधार पडला.

तो वेळ निभावला फेटेवाल्यांमुळे. घमेल्यात कढत पाणी घेतलं आणि नवऱ्याने चिमट्याने उरलेला तुकडा सोडला, उघड्यावर, पोरांना चार हात लांब उभं करून. ढग घमेल्यातून उतरला आणि उतारावरून जो पाण्याच्या दिशेने घरंगळत गेला! सोलरचा दिवा खाली ठेवला होता, त्याच्या उजेडात तो गुडघ्याएवढा पांढरा लोट. पोरं गप्प. भाची एकटीच म्हणाली, "मामी, माझं लग्न आहे का?" आणि सगळे फुटले.

केक साडेसातला कापला. चांगला होता. पण सासूबाईंनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, "पॉटच्या आइस्क्रीमची चव नाही."

सिस्टर_पाटण · १४ मे, सकाळी ६:५०

बाटली कानाशी धरणाऱ्या तुमच्या यजमानांना आमच्या उपकेंद्रावर पाठवा, बुधवारी लसीकरण असतं. खंबाटकीत थांबले ते फार बरं केलं. पोरं आता बरी ना? डोकं दुखणं राहिलं नाही ना?

रानजाई · १४ मे, सकाळी ८:१०

बरी आहेत सिस्टर. वाऱ्यावर बसल्यावर पंधरा मिनिटांतच उतरलं होतं. नणंद तेवढी अजून एसी लावायला घाबरते.

फेटेवाला · १४ मे, सकाळी ९:००

टेप मारून देणाऱ्याला काय म्हणावं. आम्हाला पण एकाने तसाच दिला होता, आम्ही त्याच्यासमोरच ब्लेडने कापला. पुढच्या वेळी आधी टेप फाडा, मग पैसे द्या.

सावळागोंधळ · १४ मे, सकाळी ९:०४

त्या अंड्यांचं काय केलं शेवटी? 'टण्ण' वाजणाऱ्या?

रानजाई · १४ मे, सकाळी ९:३०

तंबूवाल्या दादांचा कुत्रा. तो दिवसभर आमच्या मागे होता, सुटली तशी एकेक खाल्ली.

आबा_कोरेगाव · १४ मे, दुपारी १२:२०

सासूबाईंना सांगा, आमचं पॉट माळ्यावर हाय. भांडं चांगलंय, पण हँडलच्या गिअरचे दाते झिजलेत, फिरवताना सटकतंय. साताऱ्यात कोण करून देईल का?

कृष्णाकाठ · १४ मे, दुपारी १२:३५

आबा, सांगलीला आणा. आमच्या गल्लीत एक लेथवाला हाय, उसाच्या रसाच्या गुऱ्हाळाचे गिअर करून देतो. तुमचं बारकं काम हाय त्याला. येताना एक पायली खडं मीठ पण आणा, बाकीचं आम्ही बघतो.